रुडॉल्फ डिझेल : इंजिन, शेंगदाणा तेल आणि १० ऑगस्ट



ऑगस्ट महिना आला की परिपाठात दिनविशेषांची रांग लागते. त्यातच एक १० ऑगस्ट, जागतिक जैवइंधन दिन. बऱ्याच शाळांच्या फलकावर त्या दिवशी साधारण एकच मजकूर असतो : १८९३ साली याच दिवशी रुडॉल्फ डिझेल यांनी शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवून दाखवलं. मीही काही वर्षं हेच फळ्यावर लिहीत होते. मग एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, की इंजिनालाच शेंगदाणे लागायला लागले तर आपण चटणी कशाची करायची. वर्ग हसला. मीही हसले, पण धड उत्तर काही देता आलं नाही. म्हणून घरी येऊन वाचायला बसले, आणि लक्षात आलं की फळ्यावरचा मजकूरच चुकीचा आहे. १० ऑगस्ट १८९३ ला शेंगदाणा तेल नव्हतंच, आणि खरं सांगायचं तर इंजिनही चाललं नव्हतं. मुलीचा प्रश्न मात्र चुकीचा नव्हता. हा माणूस कोण होता, तेल कुठून आलं आणि पुढे काय झालं, ते जमेल तसं मांडते. सातवी-आठवीच्या मुलांना सांगायला उपयोगी पडेल.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मात्र जर्मन, बव्हेरियातले. वडील थिओडोर मूळचे आउग्सबुर्गचे, पुस्तकबांधणी करणारे. पॅरिसमध्ये ते चामड्याच्या वस्तू बनवत. दुकान छोटं, घरातच कामाची जागा, आणि तयार माल गिऱ्हाइकाकडे पोहोचवायला हातगाडी घेऊन जायचं काम पोराचं. मोकळा वेळ मिळाला की तो पॅरिसच्या यंत्रसंग्रहालयात जाऊन बसे. तिथे कुन्यो नावाच्या फ्रेंच माणसाने शंभर वर्षांपूर्वी केलेली वाफेची गाडी ठेवलेली होती. ज्या मुलाला वर्गात एका जागी बसवत नाही, पण बिघडलेला पंखा उघडून दिला की जो तासभर हलत नाही, तसं मूल डोळ्यांसमोर आणा.

अभ्यासातही तो हुशारच होता. बाराव्या वर्षी त्याला शाळेच्या एका संस्थेकडून पदक मिळालं. आणि त्याच वर्षी, १८७० मध्ये, फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं. पॅरिसमध्ये राहणारे जर्मन एका रात्रीत परके झाले. कुटुंबाला दुकान सोडून लंडनला जावं लागलं. तिथे सगळ्यांचं पोट भरणं अवघड, म्हणून रुडॉल्फला एकट्यालाच आउग्सबुर्गला काकांकडे पाठवलं. हे काका, बार्निकेल, तिथल्या व्यवसायशाळेत गणित शिकवायचे. एका शिक्षकाच्या घरी वाढल्याने या मुलाचं आयुष्य मार्गी लागलं, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो, नाही कशाला म्हणू! चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना कळवून टाकलं, की मी इंजिनिअर होणार.

आउग्सबुर्गच्या शाळेत काचेची एक नळी होती. आत दट्ट्या, टोकाला जरासा कापूस. दट्ट्या एकदम दाबला की आतली हवा दाबली जाऊन इतकी तापते की कापूस पेट घेतो. ठिणगी नाही, काडी नाही. डिझेल यांच्या इंजिनाचं बीज इथेच असल्याचं पुष्कळदा सांगितलं जातं. ते खरं असो वा नसो, तत्त्व तेच आहे. आपल्या वर्गात ही नळी नसली तरी सायकलचा पंप असतो. तोंडावर बोट दाबून दहा-बारा वेळा जोरात मारायला सांगा आणि मग खालचा भाग हाताला लावायला सांगा. मुलांना डिझेल इंजिन समजावण्यासाठी याच्याएवढी सोपी वाट नाही.

पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. तिथे प्राध्यापक होते कार्ल फॉन लिंडं, म्हणजे यांत्रिक शीतकरणातलं, बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांमधलं मोठं नाव. त्यांच्या व्याख्यानात डिझेल यांनी ऐकलं, की वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेचा अगदी थोडा भाग, दहा टक्के किंवा त्याहूनही कमी, कामाला लावतं. बाकीची सगळी धुराड्यातून आणि वाफेतून वाया जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ कार्नो यांनी उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम मिळू शकतं याचं गणित मांडून ठेवलं होतं. गणित आणि प्रत्यक्ष यांच्यात एवढं अंतर का, हा प्रश्न त्या विद्यार्थ्याच्या डोक्यात बसला तो बसलाच. १८७९ साली परीक्षेच्या वेळीच त्यांना विषमज्वर झाला, परीक्षा हुकली. मधला काळ त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या एका इंजिन कारखान्यात हातकाम शिकण्यात घालवला आणि जानेवारी १८८० मध्ये उत्तम गुणांनी पदवी घेतली.

नोकरी लिंडं यांच्याकडेच, पॅरिसच्या बर्फाच्या कारखान्यात. तिथे त्यांनी पारदर्शक बर्फ बनवायची रीत शोधून पेटंट घेतलं. पण कंपनीच्या नोकराने शोधलेल्या गोष्टीचा फायदा त्याला स्वतःला घेता येत नाही, हेही तिथेच कळलं. १८८३ मध्ये मार्था फ्लाशं यांच्याशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात अमोनियाच्या वाफेवर चालणारं इंजिन बनवायची धडपड. त्या धडपडीत एकदा स्फोट झाला, जीव जाता जाता वाचला, कित्येक महिने दवाखान्यात काढावे लागले. अमोनियाचा नाद सुटला, इंजिनाचा नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण पाठ्यपुस्तकात ती येत नाही. डिझेल यांना हे इंजिन हवं होतं कोणासाठी? वाफेचं इंजिन मोठं, महाग, त्याला बॉयलर लागतो, कोळशाचे ढीग लागतात. ते परवडतं गिरणीवाल्याला. विणकर, सुतार, पुस्तकबांधणी करणारा, असे छोटे कारागीर त्यापुढे टिकत नाहीत. वडिलांचं दुकान त्यांनी पाहिलेलं होतं. घरच्या घरी, लहान जागेत, मिळेल त्या स्वस्त इंधनावर चालणारं इंजिन मिळालं तर कारागीर गिरणीशी टक्कर देऊ शकेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मिळेल त्या इंधनावर, हा शब्द लक्षात ठेवा. ठिणगीशिवाय, नुसत्या दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटणाऱ्या इंजिनात कोळशाची पूड, दगडी तेल, वनस्पतीचं तेल, काहीही चालेल अशी त्यांची सुरुवातीची कल्पना होती. कोळशाच्या पुडीने निराशा केली, ती गोष्ट वेगळी.

फेब्रुवारी १८९३ मध्ये जर्मन पेटंट मिळालं, त्याच वर्षी पुस्तिकाही छापली. आउग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुत्स यांनी आणि पोलाद उद्योगातल्या क्रुप कंपनीने मदत करायचं कबूल केलं. आणि आला आपला दिवस, १० ऑगस्ट १८९३. पुरुषभर उंचीच्याही वर जाईल असं एका सिलिंडरचं लोखंडी धूड, बाहेरच्या पट्ट्याने फिरवलेलं. इंधन म्हणून आत सोडलं होतं पेट्रोल. पेटलं, मात्र असं पेटलं की दाब मोजायचं उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. माणसं थोडक्यात वाचली. इंजिन स्वतःच्या बळावर एक फेराही फिरलं नाही. पण ठिणगीशिवाय इंधन पेटतं, एवढं सिद्ध झालं होतं. ज्या दिवशी आपण यशाचा दिवस म्हणून टाळ्या वाजवतो, तो असा फसलेल्या प्रयोगाचा दिवस आहे. मुलांना तर हीच आवृत्ती सांगायला हवी.

१७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा आपल्या आपण फिरलं, जेमतेम एक मिनिट. असं सांगतात, की पट्टा ओढतोय कोण हे पाहता पाहता लिंडर नावाच्या कामगाराच्या ते आधी लक्षात आलं, आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला, प्राध्यापक श्र्योटर यांनी रीतसर चाचणी घेतली. वीसेक अश्वशक्तीच्या त्या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के भाग कामात उतरवला. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. इंधन होतं दिव्याचं रॉकेल.

पैसा धावत आला. अमेरिकेतले हक्क एकट्या अडोल्फस बुश या बिअर उद्योजकाने दहा लाख मार्कला घेतले. डिझेल चाळिशीत कोट्यधीश झाले, आणि त्याच सुमाराला अतिश्रमाने त्यांची तब्येत कोसळली, आरोग्यधामात राहावं लागलं.

आता येऊ शेंगदाण्याकडे. १९०० साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं. डिझेल इंजिनाला तिथे सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्याच प्रदर्शनात फ्रान्समधल्या ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन मांडलं होतं, आणि ते फ्रेंच सरकारच्या सूचनेवरून शेंगदाणा तेलावर चालवलं. इंजिन मुळात खनिज तेलासाठी बनवलेलं. त्यात काहीही फेरफार न करता ते इतकं सुरळीत चाललं, की इंधन वेगळं आहे हे फारच थोड्या लोकांच्या लक्षात आलं. म्हणजे कल्पना सरकारची, मांडणी कंपनीची. डिझेल यांनी स्वतः हे नंतर लिहून ठेवलं आहे, श्रेय लाटलेलं नाही. पुढे त्यांनी स्वतःही तशा चाचण्या घेऊन पाहिल्या.

फ्रेंच सरकारला शेंगदाण्याचं एवढं प्रेम का? तर त्यांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये, मुख्यतः सेनेगलमध्ये, भुईमूग मुबलक पिकत होता. तिथे कोळसा नाही, तेल नाही. इंधन बाहेरून न नेता वसाहतीतच पिकवून यंत्रं चालवता आली तर बरं, असा हिशेब. कागदावर हिशेब छान दिसतो. इथे जरा थांबूया, कारण सातवीतल्या त्या मुलीचा प्रश्न इथेच उभा आहे.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आफ्रिकेत तो पोर्तुगीजांबरोबर गेला. एकोणिसाव्या शतकात मार्सेयच्या साबण कारखान्यांना तेल हवं होतं, म्हणून सेनेगलच्या शेतकऱ्याला भुईमूग लावायला लावलं गेलं. कर रोखीत भरायचा, आणि रोख पैसा देणारं पीक हेच. १८८५ मध्ये डाकार ते सेंट लुई रेल्वे झाली, ती थेट भुईमुगाच्या मुलखातून. पूर्वी तिथे ज्वारी-बाजरीसारखी भरडधान्यं घ्यायची, मग काही वर्षं जमीन पडीक ठेवायची, अशी रीत होती. सेरेर लोक तर शेतातल्या काद नावाच्या बाभूळवर्गीय झाडाला हात लावत नसत. हे झाड मोठं शहाणं : पावसाळ्यात पानं गाळतं म्हणून पिकावर सावली धरत नाही, उन्हाळ्यात हिरवं राहून गुरांना चारा-सावली देतं आणि पानं-शेंगांनी जमीन सुपीक करतं. भुईमूग वाढत गेला तशी पडीक ठेवायची वर्षं कमी झाली, नव्या रानांत झाडं साफ तोडली गेली. त्यात भुईमूग उपटून काढायचं पीक. ज्यांनी शेंगा उपटल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको; मुळासकट सगळं निघून येतं, मागे भुसभुशीत उघडी माती राहते. पुढे आठ-नऊ महिने पाऊस नाही, आणि वारा. त्या पट्ट्यातल्या जमिनी कस गमावून बसल्या त्या आजतागायत.

आणि खायचं काय? शेतकऱ्याच्या धान्याची जागा भुईमुगाने घेतली, म्हणून फ्रेंचांनी आपल्याच दुसऱ्या वसाहतीतून, इंडोचायनातून, तांदूळ आणायला सुरुवात केली. आणला तोही अख्खा नव्हे, कणी. सेनेगलच्या लोकांना त्या कणीची इतकी सवय झाली, की आज त्यांचं राष्ट्रीय म्हणावं असं माशाचं जेवण कणीच्याच भातावर होतं. तेव्हा चटणीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हे सगळं साबणासाठी आणि खाद्यतेलासाठी झालं, इंजिनासाठी नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पॅरिसचं ते इंजिन प्रदर्शनापुरतंच राहिलं, कारण खनिज तेल फार स्वस्त पडत होतं. मात्र मोठ्या प्रमाणावर तेलबिया पिकवायच्या म्हणजे जमिनीवर काय गुदरतं, याचं उत्तर १९०० साली जगाच्या नकाशावर होतं, पाहणारा हवा होता.

डिझेल यांनी ते पाहिलं का? तसा विचार त्यांच्या लिहिण्यात दिसत नाही. १९१२ मध्ये त्यांनी या विषयावर पुन्हा विचार मांडले. पीटर्सबर्गला एरंडेल तेलावर आणि प्राण्यांच्या चरबीच्या तेलावरही असेच प्रयोग झाले, याची त्यांनी नोंद घेतली. वनस्पती तेलाला आज महत्त्व नसलं तरी कधीतरी ते खनिज तेलाच्या बरोबरीला येईल, आणि जमिनीतले कोळसा-तेलाचे साठे संपले तरी सूर्याच्या उष्णतेवर वाढणाऱ्या पिकांतून शक्ती मिळत राहील, असा त्यांचा विश्वास होता. जैवइंधनावरच्या प्रत्येक सरकारी पुस्तिकेत त्यांचा हा विचार असतो. तो चुकीचा नाही, अर्धा आहे. सूर्य फुकट आहे. जमीन, पाणी आणि खत फुकट नाही.

डिझेल यांचं उरलेलं आयुष्य सुखाचं गेलं नाही. पेटंटवरून वाद, प्रतिस्पर्धी, तब्येतीच्या तक्रारी. म्युनिकमध्ये मोठी हवेली बांधली. जमिनींच्या व्यवहारात आणि गॅलिशियातल्या तेलविहिरींमध्ये पैसा घातला, तो बुडत गेला. यंत्रातल्या उष्णतेचा थेंबन् थेंब मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या पैशाचा हिशेब जमला नाही. १९०३ मध्ये त्यांनी कामगारांनी थोडी थोडी बचत एकत्र करून स्वतःच कारखान्यांचे मालक व्हावं अशी योजना मांडणारं पुस्तक लिहिलं. फारसं कोणी घेतलं नाही. आपल्याकडच्या सहकारी कारखान्यांच्या सभासदांनी ते वाचलं असतं तर त्यांना ते परकं वाटलं नसतं. इकडे इंजिन मात्र कारागिराच्या खोलीत न जाता जहाजात आणि पाणबुडीत गेलं. १९१२ मध्ये सेलांडिया हे डॅनिश मालवाहू जहाज डिझेल इंजिनावर कोपनहेगनहून बँकॉकपर्यंत जाऊन आलं.

२९ सप्टेंबर १९१३. बेल्जियममधल्या अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर डिझेल चढले. सोबत दोन परिचित. रात्रीचं जेवण झालं, डेकवर फेऱ्या मारल्या, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून ते दहाच्या सुमारास केबिनमध्ये गेले. सकाळी केबिन रिकामी. अंथरुणाला पाठ लागलेली नव्हती. कोट आणि टोपी डेकच्या कठड्याजवळ सापडली. दहाएक दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात देह दिसला. खिशातल्या वस्तू काढून घेऊन देह पाण्यातच सोडला, आणि त्या वस्तूंवरून मुलगा ऑइगन याने वडिलांना ओळखलं. नंतर कळलं, कर्ज डोक्यावरून गेलेलं होतं. घात झाला असेल का, यावर आजही लिहिलं जातं. बहुतेक चरित्रकार आत्महत्येकडे झुकतात. वय ५५. लहान वर्गात हा भाग मी सांगत नाही, समुद्रप्रवासात मृत्यू एवढंच सांगते. नववी-दहावीला सांगितला तर जपून सांगावा.

त्यांच्या मनातलं लहान इंजिन मात्र झालं, त्यांच्या मृत्यूनंतर. जपानच्या यामाओका मागोकिची यांनी १९३३ मध्ये शेतकऱ्याला पेलेल असं छोटं डिझेल इंजिन तयार केलं. यानमार कंपनी ती त्यांचीच. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. खेड्यात वीज यायच्या आधी विहिरीवर मोट सुटून जे आलं ते इंजिन, त्याचा तो धडधड आवाज ज्यांच्या कानात आहे असे आजोबा अजून गावोगाव भेटतील. मुलांना त्यांच्याशी बोलायला पाठवा. विहिरीला इंजिन बसलं आणि ज्याच्याकडे पाणी होतं त्याच्या रानात ऊस आला.

आणि आता त्याच उसाचं इथेनॉल करून आपण गाडीत घालतो. डिझेल यांचं इंजिन तेलाचं, इथेनॉल जातं पेट्रोलमध्ये, पण प्रश्न तोच आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आपण २०२५ मध्ये गाठलं. याचे फायदे खरे आहेत : परदेशातून आणायचं तेल तेवढं कमी झालं, साखरेचा उठाव नसताना कारखान्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं, शेतकऱ्याचं बिल लवकर निघायला मदत झाली. हे ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना विचारा. दुसऱ्या बाजूला, नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच आकडा आहे, की उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. महाराष्ट्रात लागवडीखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास ऊस आणि सिंचनाच्या पाण्यातला जवळपास ७० टक्के वाटा त्याचा, हे केंद्रीय कृषी मूल्य आयोगाने दाखवून दिलेलं आहे. मळीपासून इथेनॉल करणं ही एक गोष्ट, मळी काही झालं तरी उरतेच. थेट रसापासून करणं ही दुसरी. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली, तेव्हा सरकारलाच रसाच्या इथेनॉलला आवर घालावा लागला. मग मका आला. मका पाणी कमी पितो, पण तो कोंबड्यांचंही खाद्य आहे. एरवी मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये बाहेरून मका आणू लागला.

मोगली एरंडाची गोष्टही मुलांना सांगण्यासारखी आहे. २००३ च्या सुमारास देशभर बोलबाला झाला : ओसाड जमिनीवर मोगली एरंड लावायचा, बियांचं तेल काढायचं, २०११-१२ पर्यंत २० टक्के डिझेल त्यातून मिळवायचं. खाण्याचं पीक नाही, गुरं तोंड लावत नाहीत, पाणी नको. गावोगाव बांधावर, शाळांच्या कुंपणाला रोपं लागली. झाड पाण्यावाचून जगतं, यात खोटं काही नव्हतं. पण पाण्यावाचून ते भरपूर बिया देत नाही. आणि कागदावरची ओसाड जमीन गावाच्या लेखी गायरान असते. योजना विरली, झाडं उरली. त्याच्या बिया विषारी असतात आणि मुलं त्या बदाम समजून खातात, विषबाधेच्या बातम्या दरवर्षी येतात. आपल्या शाळेच्या कुंपणाला असेल तर आजच पाहून घ्या.

जगात यापेक्षा मोठी उलथापालथ झाली ती पाम तेलाने. युरोपने डिझेलमध्ये वनस्पतिजन्य इंधन मिसळायचं ठरवलं. गाडीत तेल जसंच्या तसं घालत नाहीत, ते घट्ट असतं, आत राप धरतं. अल्कोहोलशी प्रक्रिया करून पातळ केलं की बायोडिझेल होतं. हे तेल काही युरोपातल्या मोहरीच्या जातीच्या पिकातून आलं, काही इंडोनेशिया-मलेशियाच्या पाममधून. तिथली जंगलं काही ठिकाणी दलदलीच्या, हजारो वर्षं साचलेल्या कुजक्या पाचोळ्याच्या जमिनीवर उभी असतात. चर खणून पाणी काढलं की तो साठा कुजून, जळून हवेत जातो. २००८ मध्ये सायन्स या नियतकालिकात एका अभ्यासाने याचा जमाखर्च मांडला. असं जंगल काढून पाम लावला, तर सुरुवातीला हवेत गेलेला कार्बन पामच्या इंधनाने फेडायला चारशेहून जास्त वर्षं लागतात. ब्राझीलच्या माळरानावर ऊस लावून इथेनॉल केलं तर सुमारे १७ वर्षं. पीक कोणतं याच्याइतकंच ते कुठली जमीन मोडून लावलं, यावर सगळं ठरतं. वरून खतं आहेतच. नत्रखतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून अधिक उष्णता धरतो. युरोपने आता पामचं इंधन २०३० पर्यंत बंद करायचं ठरवलं आहे. आपल्याकडे पानिपतला १० ऑगस्ट २०२२ रोजी भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला. पेंढा नाहीतरी शेतात जाळलाच जात होता. पण तिथेही पेंढा गोळा करणं, वाहून नेणं, आणि जमिनीला परत काय द्यायचं, हे हिशेब आहेतच.

वर्गात मी हे सगळं एका तासात सांगत नाही, जमतही नाही. पहिल्या तासाला सायकलचा पंप आणि डिझेल यांचं लहानपण. दुसऱ्या तासाला वर्गाचे गट : एक गट ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याचा, एक उसाच्या गावाच्या खाली राहणाऱ्या, टँकरची वाट बघणाऱ्या गावाचा, एक कोंबड्या पाळणाऱ्याचा, एक गाडी चालवणाऱ्याचा. गेल्या वेळी शेतकऱ्याचा गट सगळ्यांत चांगला बोलला. पाणी कोणाचं, हा वाद तास संपल्याची घंटा झाल्यावरही मधल्या सुट्टीत चालू होता.

जाता जाता, आउग्सबुर्गच्या एका बागेत डिझेल यांचं स्मारक आहे. पुतळा नाही, मोठाले दगड मांडलेले आहेत. १९५७ मध्ये ते यामाओका यांनी दिलं, दगड जपानहून आणून. फलकावरचा मजकूर यंदा मी बदलला आहे. १० ऑगस्ट : १८९३ साली डिझेल इंजिनाची पहिली चाचणी, फसली, इंधन पेट्रोल. शेंगदाणा तेल १९०० च्या पॅरिसमध्ये नेऊन ठेवलं आहे.